एकोणचाळिसाव्या पहाटेची डुलकी

बत्तीस वर्षं मी इंग्रजी वाङ्मय शिकवलं, असं सांगितलं की प्रवासात भेटलेली माणसं आधी मान डोलावतात आणि मग विचारतात, कुठे? बुलढाणा जिल्ह्यात, असं म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर दया दिसू लागते. जणू कवितेला पुण्याच्या पुढे यायला एसटीच मिळत नाही. या दयेचा मला बत्तीस वर्षं राग येत आला आहे. आज तो राग बाजूला ठेवून एकाच वर्षाची गोष्ट सांगते. त्या वर्षी मला शिकवताना जेवढी मजा आली तेवढी आधीच्या सव्वीस वर्षांत मिळूनही आली नव्हती, आणि त्याच वर्षी माझ्यामुळे एका हुशार मुलीचं वाटोळं व्हायची वेळ आली होती.

आधी आमच्या धंद्याची थोडी ओळख करून देते. बी.ए.ला इंग्रजी दोन तऱ्हेची असते. एक सगळ्यांना सक्तीची; तिच्या तासाला शंभर मुलं बसतात आणि नव्वद खिडकीबाहेर बघतात. दुसरी ऐच्छिक, म्हणजे वाङ्मयाची. तिला आमच्या कॉलेजात कधी आठ, कधी अकरा विद्यार्थी असत. ते इकडे कसे वळले, याचा मी पहिल्याच दिवशी छडा लावायचे. एकजण अर्थशास्त्राची रांग फार मोठी होती म्हणून आमच्या रांगेत येऊन उभा राहिलेला. एकीच्या मामांनी सांगितलेलं की इंग्रजी घेतली की बँकेत लागते. एक पैलवान तर केवळ आमचा वर्ग तळमजल्यावर म्हणून आला होता. त्याचा गुडघा दुखायचा. तो पुढे पोलिसात गेला. एकदा त्यानं नाक्यावर माझी स्कूटी अडवली आणि हेल्मेटबद्दल चकार शब्द न काढता सुनीत म्हणजे काय याची व्याख्या इंग्रजीतून घडाघडा म्हणून दाखवली. मागे चार ट्रक हॉर्न वाजवत होते, पण गडी शेवटच्या पूर्णविरामापर्यंत थांबला नाही.

ती व्याख्या माझी होती, म्हणजे माझ्या नोट्समधली. नोट्स हा आमच्या धंद्याचा खरा माल. पुस्तक महाग, शिवाय कळत नाही. गाईड स्वस्त, पण चुकांनी भरलेलं. म्हणून प्राध्यापक स्वतःच्या भाषेत, सोप्या इंग्रजीत उत्तरं तयार करतात, वर्गात सांगतात, मुलं उतरवून घेतात. चांगल्या नोट्सना पाय फुटतात. एक वही झेरॉक्सच्या दुकानात गेली की तिची पिलावळ तालुकाभर होते. माझ्या नोट्स मेहकरपासून मलकापुरापर्यंत पोचल्या होत्या. एका लग्नात नवरीच्या भावानं मला ओळखून सांगितलं की आमच्या घरात तीन भावंडं तुमच्या एकाच वहीवर पास झाली. मी जिलेबी खाता खाता सुखावले होते, खोटं कशाला सांगू?

याच नोट्समध्ये एका जुन्या इंग्रजी कवितेचा भाग होता. कविता सहाशे वर्षांपूर्वीची, लिहिणारा कोण ते कोणालाच माहीत नाही. तिचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांनी माझ्या नोट्स वापरल्या त्यांना ते पाठ आहे आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. गोष्ट अशी. राजाच्या गडाकडे येणारा एकच पूल आहे. शत्रू येतोय अशी बातमी आहे. भर दरबारात एक तरुण सरदार शब्द देतो की चाळीस दिवस आणि चाळीस रात्री मी एकटा त्या पुलावर उभा राहीन, डोळा मिटणार नाही आणि हत्यारबंद माणसाला लढल्याशिवाय पलीकडे जाऊ देणार नाही. तो शब्द पाळतो. गडावर मेजवानी होते, राजा त्याला आपल्या उजव्या हाताला बसवतो. निष्ठा, शौर्य आणि शब्दाची किंमत, असे तीन मुद्दे. पंधरा गुणांचा प्रश्न हमखास.

नेमलेल्या पुस्तकात या कवितेचा फक्त सुरुवातीचा भाग होता, सरदार शब्द देतो तिथपर्यंतचा. पुढचं सारांशावरून शिकवायचं. हा सारांश मी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गाईडमधून उचलला, त्याची भाषा घासूनपुसून लख्ख केली आणि त्यानंतर सव्वीस वर्षं तोच सांगत राहिले. मूळ कविता मी वाचलेली नव्हती. सुरुवातीला आमच्या ग्रंथालयात ती नव्हती हे खरं; पण नंतर मी शोधलीही नाही, हेही तितकंच खरं.

निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. त्या वर्षी वर्गात नऊ जण होते. त्यांतले दोन सांगायलाच हवेत. एक जानेफळचा आसिफ. त्याच्या वडिलांचं टेलरिंगचं दुकान होतं, आणि आजोबांना शेरोशायरीचा नाद असल्यामुळे पोराचा आवाज आणि पाठांतर असं की हजेरी दिली तरी ऐकत राहावं. दुसरी उंद्रीची दीपाली. घरी मका, हरभरा आणि थोडा भाजीपाला. कमी बोलायची, पण पटलं नाही की पेन खाली ठेवायची, आणि तिचं पेन खाली ठेवणं मला वर्गाच्या दुसऱ्या टोकाहूनही ऐकू यायचं.

दुपारचा तास होता. मी नेहमीप्रमाणे सांगत होते की चाळीस रात्री त्या सरदाराच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पेन खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मॅडम, हे जमत नाही," दीपाली म्हणाली. "दोन रातीत माणसाले नसलेलं डुक्कर दिसते. पाचव्या राती उभ्या उभ्या झोप लागते, हातातला डबा पडला तव्हा समजते. आमी घरचे तिघं आळीपाळीनं जागल करतो तरी हाल होतात. हा एकटा चाळीस राती कसा जागला?"

जागल म्हणजे पीक राखणं. आमच्याकडे रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, उभं पीक एका रात्रीत झोपवतात. म्हणून हंगामात घरातलं कोणीतरी मचाणावर बसतं, डबा वाजवतं, बॅटरीचा झोत फिरवतं. वर्गातल्या नवांपैकी सातांनी जागल केलेली होती. सातही जण माना डोलवायला लागले. मी सांगितलं की काव्यात अतिशयोक्ती असते, हा आदर्श सरदार आहे, त्याला आपले नियम लावू नयेत. दीपालीनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली की ज्यानं ही कविता लिहिली त्यानं एकतर कधी जागल केली नसेल, नाहीतर पुढे काहीतरी लिहिलं असेल आणि ते आपल्यापर्यंत आलं नसेल.

वर्ग हसला. मला राग आला. पेपरात हेच लिहायचं आहे, गुपचूप उतरवून घे, असं मी तिला सुनावलं. तिनं पेन उचललं आणि उतरवून घेतलं. पण तिचं दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझा सारांश मी तपासून पाहावा, एवढी साधी गोष्ट मला सव्वीस वर्षांत कोणी सुचवली नव्हती, आणि मला स्वतःलाही सुचली नव्हती.

शनिवारी मी धीर करून शोधायला बसले. एका परदेशी विद्यापीठानं ती पूर्ण कविता, शब्दार्थांसह, इंटरनेटवर फुकट ठेवलेली होती. अर्ध्या तासात सापडली. ज्या गोष्टीसाठी मी सव्वीस वर्षं ग्रंथालयाला दोष दिला ती अर्ध्या तासात सापडली. झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली तर चांगला जाड गठ्ठा झाला. रविवारी सकाळी चहा झाल्यावर वाचायला घेतली. ते इंग्रजी आजचं नव्हे. दर ओळीला तीन शब्दांवर ठेच लागते, खाली अर्थ बघायचा, पुन्हा वर यायचं. पण हळूहळू कानाला चाल सापडली. प्रत्येक ओळीत तीन-चार शब्द एकाच आवाजानं सुरू होतात. ओळ तोंडात घेतली की घोड्याच्या टापा वाजतात. मी एकटीच स्वयंपाकघरात फिरत मोठ्यानं वाचत होते. माझे यजमान भाजी आणायला गेले, भाजी घेऊन आले, ओट्यावर ठेवून टीव्ही लावून बसले.

मेजवानीपाशी आले आणि बघते तर कविता संपलेलीच नव्हती. आणखी दोनशे ओळी शिल्लक होत्या. गाईडवाल्याचा सारांश जिथे संपत होता तिथे खरी कविता सुरू होत होती.

त्याआधीही त्यानं एक गोष्ट गाळली होती. एकोणचाळिसाव्या पहाटे सरदार पुलाच्या कठड्याला टेकतो आणि त्याला डुलकी लागते. जाग येते तेव्हा फळ्यांवर घोड्याच्या नालांचे ओले ठसे असतात, गडाच्या दिशेनं गेलेले. उन्हानं ते वाळतात. कोणीच पाहिलेलं नसतं. चाळिसावा दिवस तो पुरा करतो आणि परततो. मेजवानीत राजाचा भाट त्याच्यावर रचलेलं गाणं म्हणायला लागतो, आणि चाळीस रात्री डोळा लागला नाही हे कडवं येताच सरदार उठून उभा राहतो. गाणं थांबवा, मी झोपलो होतो, असं तो भरल्या दरबारात सांगतो. राजा बराच वेळ काही बोलत नाही. मग भाटाला सांगतो की हेही गाण्यात घे. कोण पलीकडे गेलं ते कविता शेवटपर्यंत सांगतच नाही.

मी खुर्चीत बसून राहिले. आनंद असा झाला होता की कोणाला तरी लगेच सांगावं. उंद्रीच्या एका पोरीनं न वाचता सांगितलेली गोष्ट सहाशे वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवली होती. त्यानं नक्की जागल केली असणार.

सोमवारी मी वर्गात गेले ती गठ्ठ्याच्या नऊ प्रती घेऊनच. इथे मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. एक जुनी, पूर्ण प्रत नव्यानं हाती लागली आहे, असं मी मुलांना सांगितलं. मी ही कविता कधी वाचलेलीच नव्हती, हे सांगितलं नाही. तेवढं एक वाक्य गिळलं आणि बाकी सगळं मोकळेपणानं सांगितलं. पुलावरची डुलकी आली तेव्हा दीपालीचा चेहरा असा फुलला की मला माझ्या लबाडीचाही विसर पडला.

पुढचे तीन आठवडे आमच्या वर्गात जे चाललं त्याला शिकवणं म्हणायचं की दंगा, ते मला सांगता येणार नाही. आसिफला ओळी वाचायला दिल्या. पहिल्या दिवशी तो अडखळला. दुसऱ्या दिवशी त्यानं बाकावर ताल धरला आणि एकाच आवाजाचे शब्द असे ठासून म्हटले की शेजारच्या वर्गातून राज्यशास्त्राचे सर बघायला आले, ते शेवटपर्यंत दारातच उभे राहिले. शिपायानं घंटा दिली तरी कोणी उठेना. एसटी चुकली तर चुकली, पुढची पकडू, असं मुलंच म्हणायला लागली. त्यांनी पुलाचा प्रसंग आपल्या बोलीत आणला. त्यात सरदार "कोन हाय बे तिकडं" असं ओरडतो, आणि मी तुम्हाला खात्रीनं सांगते की मूळ ओळीचा जोर त्याहून जास्त नाही.

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते शेवटावरून. सरदारानं कबूल करायला हवं होतं की नाही? वर्गाचे दोन तट पडले. आसिफ न सांगणाऱ्यांचा पुढारी. राज्याचं काही नुकसान झालं नाही, शत्रू आला नाही, मग आपणच आपली फजिती करून घ्यायची गरज काय, असं त्याचं म्हणणं.

"काऊन सांगतलं त्यानं?" तो दीपालीला म्हणाला. "कोणी पाह्यलं होतं का?"

"त्यानं पाह्यलं ना ठसे," दीपाली म्हणाली.

आसिफनं तरी हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी तो नवीन मुद्दा घेऊन आला की पूल ओलांडणारा राजाच असला पाहिजे, परीक्षा घ्यायला आलेला. म्हणजे राजाला सगळं आधीच ठाऊक होतं. झालं, पुन्हा तासभर भांडण. मी मधून मधून वाद मिटवायचं सोंग करत होते, पण खरं तर तेल ओतत होते.

परीक्षा जवळ आली तेव्हा दीपालीनं तासानंतर थांबून विचारलं की पेपरात कोणता शेवट लिहायचा. तिचा प्रश्न बरोबर होता. माझ्या नोट्स जिल्हाभर होत्या, आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला पत्र लिहून चूक कळवणं माझं काम होतं. ते पत्र मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा बाजूला ठेवलं. लोक हसतील, सव्वीस वर्षं बाई काय शिकवत होत्या असं विचारतील, याची भीती वाटत होती. एवढं असूनही मी दीपालीला छातीठोकपणे सांगितलं की जे खरं आहे ते लिही.

निकाल लागला. आठ जण पास. दीपाली वाङ्मयाच्या पेपरात सहा गुणांनी नापास. तिला बी.एड.ला प्रवेश मिळालेला होता, पण तीन आठवड्यांत बी.ए.ची गुणपत्रिका दाखवायची होती. नाहीतर जागा जाणार, आणि वर्ष गेलं तर घरचे पुन्हा पाठवतील याची तिला खात्री नव्हती. नियमाप्रमाणे अर्ज करून तिनं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि माझ्यासमोर ठेवली. पंधरा गुणांचा तो प्रश्न आलाच होता. तिनं चार पानं लिहिली होती. पुलाचे ओले ठसे, भाटाचं गाणं, राजाचं गप्प राहणं, सगळं तिच्या साध्या इंग्रजीत. चार पानांवर लाल शाईची तिरपी रेघ आणि शून्य. खाली शेरा होता: शेवट चुकीचा, मूळ कविता वाचा.

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. माझ्या माहितीप्रमाणे जिल्ह्यात ज्या नऊच मुलांनी मूळ कविता वाचली होती त्यांतल्या एकीलाच हा उपदेश मिळाला होता. बाकी आठांनी पेपरात माझ्या जुन्या नोट्समधला शेवट लिहिला होता. आसिफ खाली मान घालून म्हणाला की मॅडम, पास व्हायचं होतं. त्याला मी काय बोलणार?

आता पेपर कसे तपासतात ते सांगते. पेपर काढणारा सोबत मॉडेल आन्सर, म्हणजे नमुना उत्तर देतो. ते समोर ठेवून तपासणारे गुण देतात. पुनर्तपासणीला अर्ज केला तरी दुसरा तपासनीस तेच नमुना उत्तर समोर ठेवतो. म्हणजे पुन्हा शून्य. दीपालीनं अर्ज केला, आणि पुनर्तपासणी सुरू होणार त्या दिवशी मी पहिल्या एसटीनं विद्यापीठाच्या गावी गेले. पर्समध्ये कवितेचा गठ्ठा होता.

इंग्रजीच्या तपासणीचे प्रमुख वानखडे सर होते, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मला बघताच उठून उभे राहिले, पाया पडले, चहा सांगितला. आमची आख्खी पिढी तुमच्या नोट्सवर पास झाली मॅडम, असं त्यांनी तिथल्या दहा-बारा प्राध्यापकांना अभिमानानं सांगितलं. मग मी टेबलावरचं नमुना उत्तर पाहिलं. टाइप केलेलं होतं, पण वाक्य न् वाक्य माझं होतं. निष्ठा, शौर्य, शब्दाची किंमत. दीपालीला शून्य मिळालं होतं ते माझ्याच हातून.

मी वानखडे सरांना बाजूला घेऊन गठ्ठा दाखवला. त्यांनी शेवटची पानं चाळली, चष्मा काढून पुसला, पुन्हा चाळली. हुशार माणूस, लगेच समजला. आणि समजला म्हणूनच त्यांनी मला जपायचा मार्ग काढला. "मॅडम, कशाले गाजावाजा करता?" ते हळूच म्हणाले. "पोरीचा पेपर मी स्वतः पाहतो, बसवून देतो पासात. नमुना उत्तर पुढच्या साली बदलू. तुमचं नाव कुठंच यायचं नाही."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. पोरगी पास होणार, माझी लाज राहणार, कोणाचं काही बिघडणार नाही. चहाचा कप हातात होता. मग पलीकडच्या टेबलाकडे लक्ष गेलं. तिथे एक तरुण प्राध्यापक दुसऱ्या कुठल्या तरी मुलाच्या पेपरावर लाल रेघ मारत होता. त्या पेपरात काय लिहिलंय ते मला दिसत नव्हतं. कदाचित नोट्समधलंच असेल. पण जर नसेल, जर आणखी एखाद्या गावात एखाद्या पोरानं हट्टानं पूर्ण कविता शोधून काढली असेल, तर त्याच्यासाठी एसटीनं कोण येणार होतं?

मी कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"हे नमुना उत्तर चुकीचं आहे. ते माझ्या नोट्समधलं आहे. मी ही कविता सव्वीस वर्षं न वाचता शिकवली, या वर्षी पहिल्यांदा वाचली. ज्या मुलीला शून्य देऊन 'मूळ कविता वाचा' असा शेरा मारलाय, तिनं लिहिलेला शेवट खरा आहे."

मला वाटलं आता कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. लाल रेघ मारणारा तो तरुण उठला आणि म्हणाला की तो शेरा मीच लिहिला होता मॅडम, आणि मूळ कविता मीही वाचलेली नाही. मग दुसरा म्हणाला, मीही नाही. तिसरीनं तर कबुली देण्यात वेळ न घालवता सरळ माझ्या हातातला गठ्ठा ओढून घेतला. पाच मिनिटांत पानं खोलीभर वाटली गेली. एकेक जण आपल्या हातातलं पान वाचायचा आणि ओरडून सांगायचा की पुढचं कोणाकडे आहे. वानखडे सर पुलावरच्या ठशांच्या ओळी मोठ्यानं वाचायला लागले, आणि बी.ए.ला माझ्याच नोट्स घोकून पास झालेले हेच सर मध्येच थांबून म्हणाले की मायबाप, हे तर कोणी सांगतलंच नाही आम्हाले. दोन तास एकही पेपर तपासला गेला नाही. अशी तपासणी विद्यापीठाच्या इतिहासात झाली नसेल.

जेवणाच्या सुटीनंतर नवं नमुना उत्तर तयार झालं. ज्या मुलांनी जुना शेवट लिहिला होता त्यांचा दोष नव्हता, म्हणून त्यांचे गुण तसेच ठेवायचं ठरलं. खरा शेवट लिहिणाऱ्यांचे पेपर गठ्ठ्यांतून शोधून पुन्हा तपासायचं ठरलं. ते आणखी तीन निघाले. तिघं तीन निरनिराळ्या गावांतले. एक रोहिणखेडचा होता एवढंच मला कळलं. तो कोण, त्याला कोणी सांगितलं, हे मी आजवर शोधते आहे.

दीपालीला त्या प्रश्नाला पंधरापैकी अकरा मिळाले. ती पास झाली. गुणपत्रिका हातात पडली त्या दुपारी तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता, पण चार गुण कशाचे कापले, हे तिनं आधी विचारलं. मी ते समजावलं. मग वाटलं, हिला तरी आता खरं सांगून टाकावं. त्या खोलीत मी काय बोलले ते सांगितलं. सव्वीस वर्षांचंही सांगितलं, आणि नवीन प्रत सापडल्याची थाप मारली होती तीही. 

"मले माहीत होतं मॅडम," दीपाली म्हणाली. "सगळ्या वर्गाले माहीत होतं. त्या सोमवारी तुम्ही किती खूश होत्या. सव्वीस साल वाचलेल्या गोष्टीनं कोणी एवढं खूश होते का?"